हिशेबाची दुसरी प्रत कोठे ठेवावी?

आपल्या बाजारपेठांतून लाल चोपड्या हळूहळू गेल्या आणि त्यांची जागा संगणकाने घेतली. उधारी, माल, जीएसटीची बिले, भरतकामाची आणि जॅकार्डची डिझाइने, लग्नपत्रिकांचे नमुने असे सारे काही आता टेबलाखालच्या एका डब्यात असते. चोपडीच्या जमान्यात रोजमेळ वेगळा आणि खतावणी वेगळी असे. एक वही उंदराने कुरतडली तरी दुसरीवरून बराचसा हिशेब पुन्हा उभा करता येई. संगणक आला आणि ही सोय आपण सोडून दिली. डबा बंद पडला की आठवणीवर उधारी वसूल करण्याची पाळी येते, आणि अशा वेळी गिऱ्हाईकाची आठवण नेहमीच आपल्यापेक्षा कमी रकमेची असते!

दुसरी प्रत हवी हे आता बहुतेकांना पटले आहे. ती हार्डडिस्कवर ठेवावी की क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून दूरच्या कंपनीच्या यंत्रांत, एवढाच वाद उरतो. दुकानदारांचे मत बहुधा डिस्कच्या बाजूचे असते. एकदा पैसे मोजले की वस्तू आपली, दरमहा भाडे नाही आणि हिशेब परक्याच्या हाती जात नाही. या बोलण्यात तथ्य आहे. तरीही आमचे स्पष्ट मत असे की, हिशेबासाठी आधी क्लाउड घ्यावा आणि डिस्क त्याच्या जोडीला ठेवावी. डिझाइनच्या किंवा फोटोच्या धंद्यात मात्र हा क्रम उलटा करावा.

कारण आपल्या वस्तीच्या रचनेत आहे. आपल्यातील कितीतरी कारागिरांचा कारखाना खाली आणि घर वर असते, किंवा दुकानाच्या मागच्या खोलीतच संसार असतो. मूळ संगणक आणि त्याची डिस्क एकाच छपराखाली, पुष्कळदा एकाच टेबलाच्या खणात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्यात होते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले आणि त्याच पावसात महाडही बुडाले. असे पाणी टेबल आणि खण यांत फरक करीत नाही. आग तर त्याहून बेफाम. प्रत डिस्कवर असली तरी ती डिस्क दुसऱ्या इमारतीत, शक्य तर दुसऱ्या मोहल्ल्यात नसेल, तर तिला प्रत म्हणणे कठीण आहे.

हिशेबासाठी क्लाउड सोपा पडतो, कारण हिशेब आकाराने लहान असतो. टॅलीतला मध्यम दुकानाचा वर्षाचा हिशेब साधारणपणे काहीशे एमबीच्या आत बसतो. गूगल प्रत्येक खात्याला १५ जीबी जागा फुकट देते. त्यात जीमेल आणि फोटो धरलेले असतात हे ध्यानात ठेवावे. म्हणजे छोट्या व्यापाऱ्याला एक पैसाही न देता भागवता येते. परक्याच्या हाती हिशेब जाण्याची भीती वाटत असेल तर टॅलीतच ‘टॅलीव्हॉल्ट’ नावाची कुलपाची सोय आहे. तिचा पासवर्ड विसरल्यास मात्र हिशेब कायमचा गेला, तो परत मिळवता येत नाही. खरे सांगायचे तर दुकानाची गुपिते दूरच्या कंपनीपेक्षा खिशात पेनड्राइव्ह घेऊन फिरणाऱ्या नोकराकडून फुटण्याचाच धोका जास्त.

आता डिझाइनवाल्यांचे पाहू. एका लग्नाचे फोटो आणि चित्रण मिळून १०० जीबी सहज होते. इंटरनेटचा वर चढवण्याचा वेग सेकंदाला १० मेगाबिट धरला तर एवढा माल क्लाउडवर चढायला २२ तास लागतात, तेही वीज आणि लाइन मध्येच गेली नाही तर. शिवाय फुकटची जागा पुरत नाही आणि भाडे सुरू होते. रमजानच्या आधी भरतकामाच्या ऑर्डरींची गर्दी असताना जुने डिझाइन पाच मिनिटांत हाती लागले पाहिजे. तेथे डिस्कच कामाची, पण ती एक नव्हे, दोन. फिरत्या चकतीची हार्डडिस्क कधीही बसू शकते. बॅकब्लेझ या अमेरिकन कंपनीने आपल्याकडील डिस्कांची आकडेवारी प्रसिद्ध केली आहे. २०२३ मध्ये तिच्या डिस्कांपैकी सुमारे १.४० टक्के बिघडल्या. ही थंडगार, धूळरहित खोल्यांतील गोष्ट झाली. मागांचा धक्का, हवेतली रुई आणि विजेचा लपंडाव यांत राहणाऱ्या डिस्कने इतके सभ्य वागावे अशी अपेक्षा करू नये. पेनड्राइव्ह माल नेण्या-आणण्यापुरता ठीक. त्यावर वर्षानुवर्षे काही ठेवू नये.

डिस्क कायम संगणकाला जोडून ठेवण्याची सवय तर सर्वांत घातक. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या विषाणूने जगभरच्या संगणकांतील फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली होती. अशा हल्ल्यात जोडलेली डिस्कही कुलूपबंद होते. प्रत घेतली की वायर काढावी, डिस्क उचलावी. क्लाउडवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. संगणकावरचा फोल्डर आपोआप क्लाउडशी जुळवत राहण्याची जी सोय असते, तिच्यात येथे फाइल पुसली की तेथेही पुसली जाते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ती ३० दिवस राहते, पुढे नाही. म्हणून दर आठवड्याची प्रत तारीख घालून वेगळी ठेवावी.

क्लाउड म्हणजे आभाळात तरंगणारे काही नव्हे. तीही कोणाची तरी इमारतच. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे एक केंद्र जळून खाक झाले, आणि ज्यांची दुसरी प्रत दुसरीकडे नव्हती त्यांचे काम कायमचे गेले. इंटरनेटच बंद असले तर क्लाउड असून नसल्यासारखा; जून २०२३ मध्ये कोल्हापुरात ते बंद ठेवले गेले होते. एक डिस्क जोडीला हवी ती यासाठी.

कायद्याचेही पाहावे लागते. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेब वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपायचा असतो. २०२३-२४ च्या वह्या त्यामुळे डिसेंबर २०३० पर्यंत हव्यात. नियम ५७ तर असेही सांगतो की, अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्या तरी वाजवी मुदतीत त्या पुन्हा उभ्या करता येतील अशी संगणकीय प्रत ठेवावी. ‘पुरात वाहून गेले’ एवढ्या उत्तराने भागेलच असे समजू नये. कर सल्लागाराकडे प्रत आहे, असे काही जण समाधानाने सांगतात. त्याच्याकडे असते ती मागच्या विवरणापर्यंतची. त्यानंतरची उधारी त्याला कोठून ठाऊक असणार?

आता एक बाब, जिच्याकडे आपल्याकडे फारच थोडे लक्ष दिले जाते. क्लाउडचे खाते कोणाच्या नावाने आणि कोणाच्या मोबाईलवर आहे? संगणक चालवणाऱ्या मुलाने आपल्याच नंबरावर ते उघडलेले असते. तो नोकरी सोडून गेला की ओटीपी त्याच्याकडे आणि हिशेब कुलपात. भागीदारी फुटली किंवा मालकाचा इंतकाल झाला तर वारसांना कोणाला किती द्यायचे आणि कोणाकडून किती घ्यायचे हेच कळत नाही, आणि देण्याघेण्याची ही अमानत अडकून पडते. खाते मालकाच्या नावाने असावे. त्याचे राखीव कोड कागदावर छापून तिजोरीत ठेवावेत आणि घरातल्या एका जबाबदार माणसाला ते ठाऊक असावेत. दोन वर्षे न वापरलेले खाते गूगल काढून टाकू शकते. डिसेंबर २०२३ पासून हे सुरू झाले आहे.

घेतलेली प्रत खरोखर उघडते की नाही, हे महिन्यातून एकदा दुसऱ्याच संगणकावर पाहावे. पाच वर्षांपूर्वीचे एखादे बिल शोधून काढावे, निघाले तर ठीक. मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात, हाताशी वेळ असतो. घरातली डिस्क भावाच्या किंवा बहिणीच्या घरी द्यावी, तिकडची घेऊन यावी आणि आठवड्याचा माल तिच्यावर चढवावा. अर्ध्या तासाचे काम आहे.