रिकामा रकाना

ग्वाल्हेर म्हटलं की आपल्या भागातल्या माणसाला आधी गाणं आठवतं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ती गायकी इकडं आणली आणि विष्णु दिगंबर पलुसकरांनी मिरजेत बुवांकडं शिकून ती देशभर नेली. दुसरं आठवतं ते शिंदे सरकारांचं संस्थान. आज मात्र ग्वाल्हेरची आठवण वेगळ्याच कारणानं काढतो आहे. तुमच्यापैकी कोणाचा मुलगा किंवा मुलगी बी.सी.ए.ला, बी.एस्सी.ला असेल, तर त्यांना 'डेटाबेस मॅनेजमेंट' नावाचा एक पेपर असतो. तक्त्यात माहिती कशी मांडायची, कशी शोधायची, याचं ते शास्त्र. त्यातली सगळ्यात अवघड गोष्ट शिकवायला ग्वाल्हेरच्या किल्ल्याइतकी चांगली जागा मला तरी ठाऊक नाही. तिथल्या जिवाजी विद्यापीठातल्या किंवा अटलबिहारी वाजपेयींच्या नावाच्या माहिती तंत्रज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकाचा मला थोडा हेवाच वाटतो. उदाहरण त्याच्या डोक्यावरच आहे, फक्त चढ चढून जायचं.

पूर्वेकडून किल्ल्यावर जाणाऱ्या वाटेवर, गणेश दरवाजा ओलांडल्यावर आणि लक्ष्मण दरवाजा लागायच्या आधी, खडकात कोरलेलं चतुर्भुज विष्णूचं लहानसं देऊळ आहे. तिथल्या संस्कृत शिलालेखात दानाची नोंद आहे. फुलबागेसाठी जमीन, लांबी २७० हात, रुंदी १८७ हात. देवाला रोज ५० हार. वर्ष ९३३. त्या २७० मधलं आणि ५० मधलं शून्य आज आपण काढतो तसंच, बारीक वर्तुळाचं आहे. 'जगातलं पहिलं शून्य' असं त्याला हौसेनं म्हणतात ते बरोबर नाही. कंबोडियातल्या ६८३ सालच्या लेखात त्याहून जुनं शून्य सापडलं आहे. पण म्हणून या नोंदीची किंमत कमी होत नाही.

ही नोंद आधी फळ्यावर तक्ता म्हणून मांडायची. एक ओळ, चार रकाने: लांबी, रुंदी, हार, वर्ष. मग मुलांना विचारायचं, काय राहिलं? दगड कोरणाऱ्यानं 'हात' असं माप लिहिलं आहे, आपण फळ्यावर ते गाळलं. नुसते २७० म्हणजे हात, फूट की मीटर? वर्षाचं तर आणखी मजेशीर आहे. आपल्याकडं पाडवा म्हणा की युगादी म्हणा, पंचांग शालिवाहन शकाचं. त्या सवयीनं ९३३ वाचलं तर इसवी सन १०११ येतं. पण उत्तरेत विक्रम संवत. त्या हिशेबानं ५७ वजा करायचे, म्हणजे ८७६. आकडा तोच, फरक १३५ वर्षांचा. मग एखादी हुशार मुलगी म्हणते, क्षेत्रफळाचाही रकाना हवा. गुणाकार केला तर ५०,४९० चौरस हात येतात. इथं तिला थांबवायचं. लांबी-रुंदी लिहिली आहे ना, मग क्षेत्रफळ हवं तेव्हा काढता येईल. उद्या मोजणीत लांबी बदलली आणि क्षेत्रफळ तसंच राहिलं, तर एकाच ओळीत दोन बागा होतील.

इथवर सगळं सोपं. खरी गाठ पुढं आहे. २७० मधलं शून्य काय सांगतं? एककाच्या जागी काही नाही, हे सांगतं. म्हणजे ती माहिती आहे, मोजून-पाहून दिलेली. ब्रह्मगुप्तानं ६२८ साली शून्याच्या बेरजेचे, वजाबाकीचे नियम लिहिले. भास्कराचार्यांनी शून्यानं भागलेल्या राशीला 'खहर' म्हटलं. (त्यांचं विज्जडविड गाव कोणी विजापूर मानतात, कोणी चाळीसगावजवळचं पाटण. आपल्यासारख्या घरांनी दोन्हीकडून हक्क सांगायला हरकत नाही!) थोडक्यात, शून्य हिशेबात धरता येतं.

डेटाबेसमधला रिकामा रकाना मात्र शून्य नव्हे. त्याला 'नल' म्हणतात. नल म्हणजे इथं काय आहे ते लिहिलेलं नाही. त्यात पाच मिळवा, उत्तर नल. त्याला शून्यानं गुणा, तरी नल. पाच मुलांचे गुण घ्या: ६०, ४०, ५०, ० आणि पाचव्याचा रकाना रिकामा. संगणकाला सरासरी विचारली तर तो रिकाम्याला सोडून चौघांची काढतो, ३७.५. कारकुनानं तिथं शून्य भरलं असेल तर येते ३०. नापास मुलगा आणि आजारी मुलगा यांच्यातला फरक त्या साडेसात गुणांत आहे.

याहून वाईट पुढं होतं. '३५ पेक्षा कमी गुण असलेल्यांची यादी दे' म्हटलं की संगणक यादी देतो. '३५ किंवा जास्त असलेल्यांची दे' म्हटलं की तीही देतो. दोन्ही याद्या मिळून सगळा वर्ग यायला हवा, असं कोणीही समजेल. पण पाचवा मुलगा दोन्हीत नसतो. संगणक त्याच्याबद्दल 'हो' म्हणत नाही आणि 'नाही'ही म्हणत नाही. तिसरंच म्हणतो, 'सांगता येत नाही'. जे 'सांगता येत नाही' ते यादीत येत नाही. एका कॉलेजात एका मुलीचे प्रात्यक्षिकाचे गुण भरायचे राहिले होते. उत्तीर्णांत नाव नाही, अनुत्तीर्णांतही नाही. अनुत्तीर्णांत असती तर निदान तिला कोणी बोलावलं असतं. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायच्या वेळी वडील आले तेव्हा हे उघडकीला आलं.

तक्त्यांची ही मांडणी एडगर कॉड या इंग्रज गणितज्ञाची. दुसऱ्या महायुद्धात तो विमान चालवत होता, पुढं अमेरिकेत आय.बी.एम.मध्ये गेला आणि १९७० साली त्यानं तो प्रसिद्ध निबंध लिहिला. त्याआधी माहिती काढायची तर ती यंत्रात कुठल्या वाटेनं ठेवली आहे ते ठाऊक असावं लागे. कॉडनं म्हटलं, ओळी आणि रकाने पुरेत. काय हवं ते सांगा, वाट यंत्र शोधेल. १९८१ साली त्याला ट्युरिंग पुरस्कार मिळाला. रिकाम्या रकान्यानं मात्र त्यालाही शेवटपर्यंत सोडलं नाही. एका खुणेवर भागत नाही, दोन हव्यात, असं तो पुढं म्हणू लागला: एक 'लागू आहे पण ठाऊक नाही' याची, दुसरी 'लागूच नाही' याची. बाजारातल्या प्रणालींनी ते काही ऐकलं नाही.

कॉडचं म्हणणं किती खरं होतं ते आपल्या गावातला कोणताही फॉर्म सांगेल. 'पतीचे नाव' हा रकाना रिकामा आहे. ती अविवाहित आहे, की लिहायचं राहिलं, की तिला लिहायचं नाही? 'मृत्यूची तारीख' रिकामी आहे, म्हणजे माणूस जिवंत आहे, की गेला आणि कोणी नोंद केली नाही? पेन्शनच्या कचेरीत याच प्रश्नासाठी म्हाताऱ्या माणसांना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो.

आणि रिकामा ठेवायची भीती वाटली की लोक काहीतरी भरतात. जुन्या मास्तरांनी मुलाची जन्मतारीख ठाऊक नसली की १ जून लिहिली. शाळा उघडायचे दिवस, सोयीची तारीख. त्यामुळं आपल्याकडं एका पिढीचा वाढदिवस एकाच दिवशी येतो आणि सरकारी कचेऱ्यांत ३१ मे रोजी निवृत्तीच्या हारांची टंचाई होते. माणसाला यातली गोम कळते. संगणकाला १ जून ही खरीच तारीख वाटते. शिकवताना मी यावर फार वेळ घालवतो, सिलॅबस मागं पडला तरी. आज्ञा काय, पुस्तकातून पाठ होतात.

आता नावाकडं वळू, कारण तिथंही ग्वाल्हेर हाताशी आहे. सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचं शिंदे घराणं. १८१० च्या सुमारास दौलतरावांनी किल्ल्याखाली छावणी टाकली, तेच पुढं लष्कर नावाचं शहर झालं. मराठीत शिंदे, हिंदीत सिंधिया, आणि इंग्रजी स्पेलिंग तर असं की वाचणारा गोंधळावा. घराणं एक, नावाची रूपं तीन. तिकडच्या साध्या मराठी घरांचंही तेच. घरात मराठी, बाहेर हिंदी. आणि हिंदीत 'ळ' नसल्यानं काळ्यांचे काले झाले. आपल्याकडं 'ळ'ची काळजी नाही, कन्नडमध्ये तो खणखणीत आहे. पण कन्नडमध्ये शेवटचं अक्षर पूर्ण उच्चारतात. त्यामुळं कन्नड कागदावरून कोणी अक्षरशः इंग्रजीत उतरवलं तर पाटीलचा 'पाटीला' होतो आणि कुलकर्णींचा 'कुलकर्णि' मधेच एक 'अ' घेऊन 'कुलअकर्णि'सारखा दिसतो. शाळेचा दाखला मराठी, रेशनकार्ड कन्नड, आधार इंग्रजी. संगणकाला ही तीन माणसं.

म्हणून नावाला 'प्रायमरी की' करायचं नाही, हा पहिल्या महिन्यातला नियम. जुन्या महसूल खात्याला तो कॉडच्या आधी ठाऊक होता. महाराष्ट्रात सातबारा म्हणजे मुळात दोन तक्ते: गाव नमुना ७ मालकीचा, १२ पिकाचा. दोन्हींना बांधणारा दुवा गट नंबर, मालकाचं नाव नव्हे. मालक मरतात, वाटण्या होतात, नंबर टिकतो. कर्नाटकानं २००० च्या आसपास 'भूमी' प्रकल्पात पहाणीपत्रं संगणकावर घेतली तेव्हाही आधार सर्व्हे नंबरचाच होता. पण नंबर जमिनीला सांभाळतो. वारसाची नोंद करताना नावाला नाव जुळवावंच लागतं, आणि आपल्या भागातल्या किती घरांच्या फेऱ्या या जुळणीपायी होतात ते मी सांगायला नको.

यावर वर्गात एक गृहपाठ असतो. घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाची सगळी कागदपत्रं गोळा करायची आणि तक्ता करायचा. नाव खोडून 'बरोबर' करायचं नाही. माणसाला एक क्रमांक द्यायचा, आणि नावांचा वेगळा तक्ता काढायचा: क्रमांक, लिहिलेलं नाव, लिपी, कोणता कागद, कोणतं साल.

गेल्या वर्षी एका मुलीनं आजीची सात कागदपत्रं आणली. नावं पाच निघाली: माहेरचं एक, लग्नात बदललेलं एक, बाकीची स्पेलिंगची लेकरं. जन्मतारीख तीन कागदांवर नव्हतीच, दोनांवर १ जून होती, उरलेल्या दोन कागदांवर नुसतं साल, तेही वेगवेगळं. तिनं विचारलं, सर, यातली कुठली भरू? मी म्हटलं, आजीला विचार. दुसऱ्या दिवशी तिनं तारखेचा रकाना रिकामा ठेवला होता आणि त्याच्या शेजारी एक नवा रकाना काढला होता, 'आजीच्या सांगण्यावरून'. त्यात लिहिलं होतं: गांधीजी गेले तेव्हा पाळण्यात.