फॉर्म कसा हवा? न विचारता भरता येईल असा!

मुळशी तालुक्यातून, पौडहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या बचत गटाच्या सचिव आहेत. त्या लिहितात, “कर्जाचे अर्ज सारखे परत येतात. एकीचे आधार कार्डावर नाव माहेरचे, पासबुकावर सासरचे. अर्ज दोनदा परत आला आणि तोवर मुलीची फी भरायची तारीख उलटून गेली. आता संगणकावर भरता येईल असा पीडीएफ फॉर्म करीन म्हणते. कोणते सॉफ्टवेअर घेऊ?”

ताई, सॉफ्टवेअर नंतर, आधी कागद-पेन्सिल घ्या. पाककृतीत नुसते ‘मीठ अंदाजाने’ लिहिले की नवी सून गोंधळते ना? फॉर्ममधल्या नुसत्या ‘नाव’ या शब्दाचेही तसेच आहे. शेजारी लिहा : ‘आधार कार्डावर आहे तसेच’. त्याखाली दुसरी चौकट : ‘पासबुकावरचे नाव’. दोन्ही वेगळी दिसली, तर अर्ज बँकेत जाण्याआधीच तुमच्या लक्षात येईल. आयएफएससी कोडपाशी लिहा : ‘११ अक्षरे, पाचवे शून्य, इंग्रजी ओ नव्हे’. निम्म्या चुका इथेच थांबतील.

आता सॉफ्टवेअर. पीडीएफ १९९३ साली अ‍ॅडोबी कंपनीने आणले. पण २००८ पासून ते आंतरराष्ट्रीय मानक आहे. तेव्हा एकाच कंपनीचे सॉफ्टवेअर घ्यायला हवे असे नाही. अ‍ॅडोबीच्या अ‍ॅक्रोबॅट प्रोमध्ये फॉर्म झटपट होतो, पण त्याची वर्गणी भरावी लागते. फुकटच्या अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये फॉर्म भरता येतो, तयार करता येत नाही. गटाच्या पैशाचा विचार करता लिबरऑफिस बरे. ते मोफत आहे. त्यातल्या रायटरमध्ये चौकटी, यादी, टिकमार्कची खूण असे सारे घालता येते. चौकटीत किती अक्षरे मावावीत तेही ठरवता येते. पीडीएफ करताना ‘पीडीएफ फॉर्म’ या पर्यायावर खूण असू द्या, म्हणजे झाले.

एक गंमत सांगते. चौकटीवर माऊस नेला की सूचना दिसावी, अशीही सोय असते. पण गटातल्या बायका भरणार फोनवर! तिथे माऊस कुठला? म्हणून सूचना चौकटीशेजारी छापलेलीच हवी. आपोआप बेरीज करणारे किंवा चूक दाखवणारे फॉर्मही फोनवरच्या कित्येक अ‍ॅपमध्ये चालत नाहीत. त्यांच्या मोहात पडू नका.

आणि हो, ‘फुकट फॉर्म बनवा’ म्हणणाऱ्या वेबसाइटवर कुणाचेही भरलेले आधार किंवा पासबुक चढवू नका हं! मैत्रिणींनी कागद विश्वासाने दिलेले असतात.

फॉर्म झाला की दोन-तीन वेगवेगळ्या फोनवर उघडून पाहा. ‘ज्योत्स्ना’, ‘लक्ष्मी’ अशी जोडाक्षरे भरून पाहा. काही ठिकाणी ती मोडतात. मग गटातल्या सर्वांत बुजऱ्या बाईच्या हाती द्या आणि शेजारी गप्प बसा. ती जिथे मान वर करून तुमच्याकडे बघेल, तिथे फॉर्म चुकला आहे, ती नव्हे! तेवढी ओळ सुधारा. चार छापील प्रतीही ठेवा. वीज आणि रेंज काही आपल्या हातात नसते.

तिसऱ्यांदा अर्ज पाठवाल, तेव्हा तो परत येऊ नये, हीच इच्छा. काय झाले ते जरूर कळवा.