मानधन, पाकीट आणि बारवेची सात पावलं

मांडववाल्याला कुणी 'मानधन' देतं का हो? त्याला पैसे देतात. माइकवाल्याला पैसे देतात, तेही निम्मे आगाऊ, नाहीतर तो कर्णे उतरवतच नाही. चहावाला, फ्लेक्सवाला, खुर्च्यावाला, सगळ्यांना पैसे. अख्ख्या कार्यक्रमात मानधन मिळतं ते एकट्या वक्त्याला. ते किती असेल हे आधी विचारायचं नाही, कुणी सांगायचंही नाही. शेवटी शाल, श्रीफळ आणि एक पाकीट. पाकीट तिथे उघडायचं नाही, एसटीत बसल्यावर उघडायचं.

मला या शब्दाचाच राग आहे. त्यात मान पुढे आणि धन मागे. मान भरपूर दिला की धनात काटछाट करायला आपण मोकळे! त्यापेक्षा तमाशावाल्यांची आणि ऑर्केस्ट्रावाल्यांची 'सुपारी' कितीतरी प्रामाणिक. आकडा ठरला, सुपारी घेतली, कार्यक्रम पक्का. हाच शब्द व्याख्यात्याच्या बाबतीत उच्चारला तर व्याख्यानमालेच्या कार्यवाहांना घेरी येईल.

आता कुणीतरी परंपरा काढणार. काढा. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली सुरू केली, गावोगावच्या मालांनी तोच कित्ता गिरवला, आणि मोठमोठी माणसं शाल-श्रीफळावर बोलून गेली, हे सगळं खरं. पण ती माणसं पोट कशावर भरत होती? रानडे सरकारी नोकरीत न्यायाधीश होते. कुरुंदकर नांदेडला महाविद्यालयात शिकवत होते. शिवाजीराव भोसले फलटणला प्राचार्य होते. अत्र्यांकडे नाटकं होती, सिनेमा होता, स्वतःचा 'मराठा' होता. व्याख्यान फुकट परवडायचं, कारण महिन्याचा किराणा दुसरीकडून यायचा. त्यांच्या पगारावर आपण एक रीत उभी केली आणि आता ज्याला पगारच नाही त्याच्याकडून तीच रीत वसूल करतो.

मग तुकोबांना पुढे करतात. जिथे कीर्तन करावं तिथे अन्नही घेऊ नये, असं तुकोबा सांगून गेले. मान्य. पण कीर्तन ही त्यांची भक्ती होती. 'जुन्या विहिरींचं बांधकाम' या विषयावरचं तासाभराचं भाषण ही भक्ती नव्हे, काम आहे. आणि तुकोबांचा दाखला देणाऱ्याच समितीने स्मरणिकेत सराफापासून सिमेंटच्या दुकानापर्यंत सगळ्यांच्या जाहिराती घेतलेल्या असतात, त्याचं काय?

विहिरींचा विषय उगाच नाही काढला. माझा आतेभाऊ (आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो) हाच धंदा करतो. धंदा म्हटलेलं त्याला आवडत नाही, पण मी म्हणणार. तीन वर्षांपूर्वी त्याने नोकरी सोडली, आणि तेव्हापासून तो बारवांवर बोलतो. लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीवर तो बोलायला लागला की मोटा कुठे लागायच्या, पाणी कुठून वळायचं, हे तो नुसत्या हातांनी दाखवतो आणि माणसं खुर्चीच्या कडेला येऊन बसतात. एका तासाच्या मागे दोन रात्रींचा प्रवास आणि कित्येक महिन्यांची पायपीट असते. आजवरची कमाई: कपाटात 43 शाली. नारळांचा हिशोब वहिनीने सोडून दिलाय. पाकिटातून बऱ्याचदा जाण्यायेण्याचं भाडंही सुटत नाही. मुलीची बारावी पुढच्या वर्षी आहे.

मध्यंतरी कुणाच्या तरी सांगण्यावरून तो आणि मी 'वक्त्यांसाठी स्वतःचं मार्केटिंग' अशा एका कार्यशाळेला गेलो. पुण्यातलं हॉटेल, एक दिवस, जेवणासकट. (जेवण बरं होतं.) तिथे शिकवलं ते असं. तुम्ही म्हणजेच ब्रँड. परदेशात कुठेही एकदा बोलला असाल तर 'आंतरराष्ट्रीय वक्ता' लिहा. मग ते दुबईत मेव्हण्याच्या सोसायटीतल्या गणपतीपुढे का असेना! 'हजारो आयुष्यं बदलली' हे वाक्य हवंच. फोटो असा काढा की रिकाम्या खुर्च्या चौकटीबाहेर राहतील. टाळ्यांचे तुकडे जोडून दीड मिनिटाची चित्रफीत करा. दादाची पाळी आली तेव्हा त्याचा विषय ऐकून गुरुजी म्हणाले, विहिरी विकल्या जाणार नाहीत, त्याचं 'बारवेकडून शिका नेतृत्वाची सात पावलं' असं करा, कंपन्या घेतील.

दादाने शांतपणे विचारलं, "बारवेला पायऱ्या कितीही असतात, सातच का?"

उत्तर आलं नाही. चहा आला.

माझं भांडण इथे आहे. एकीकडे पैसे मागायची लाज आणि दुसरीकडे ही बडबडी निर्लज्जता, आणि मला विचाराल तर पहिलीतूनच दुसरी जन्मते. जो माणूस साधं "माझे इतके होतील" म्हणू शकत नाही, तो मग आपण किती थोर आहोत हे सांगत सुटतो, म्हणजे समोरच्याने तरी आकडा वाढवावा. भाषण विकायची चोरी, म्हणून स्वतःला विकायचं.

जगात हे सरळपणे झालेलं आहे. बोस्टनमध्ये जेम्स रेडपाथने 1868 साली व्याख्यात्यांचं कार्यालयच थाटलं. गावं त्याला पत्र लिहीत, तो वक्ता, तारीख आणि रक्कम ठरवून देई आणि आपली दलाली कापून घेई. मार्क ट्वेन या धंद्यात मुरलेला. धंद्यात कर्जबाजारी झाल्यावर ते फेडायला तो 1895 साली जगभर व्याख्यानं देत निघाला आणि 1896 च्या जानेवारीत मुंबईतही बोलून गेला. लोकांनी तिकिटं काढली. कुणाचा धर्म बुडाला नाही.

आणि विवेकानंद! 1893 च्या शिकागोच्या परिषदेनंतर त्यांनी तिथल्या अशाच एका व्याख्यान-कंपनीशी करार केला होता. भारतातल्या कामासाठी पैसा हवा होता म्हणून. कंपनी नाडते आहे हे कळल्यावर 1894 मध्ये नुकसान सोसून ते बाहेर पडले, आणि नंतरही बोलतच राहिले. मला यात महत्त्वाचं हे वाटतं की त्यांनी पैशाचा विटाळ मानला नाही, लुबाडणूक तेवढी नाकारली. आपल्याकडे पुलंनीही 'बटाट्याची चाळ' तिकीट लावूनच केली, आणि पुढे मुक्तांगणसारख्या कामाला हात सैल सोडून दिलं. दान करायचं की नाही हे कमावणाऱ्याने ठरवायचं असतं. आपण मात्र ते वक्त्याच्या वतीने परस्पर ठरवून टाकतो.

म्हणून दादाचं पत्रक शेवटी मीच लिहिलं. एक पान. विषय दोन: बारवा, आणि गावतळी. वेळ साठ मिनिटं, नंतर प्रश्न. पडदा आणि प्रोजेक्टर तुमचा. एका भाषणाचं दहा मिनिटांचं सलग, न कापलेलं चित्रण, त्यात एकदा माइक बंद पडतो तो तसाच ठेवलाय. ज्यांनी आधी बोलावलं अशा तीन गावच्या कार्यवाहांचे नंबर, त्यांना विचारून. शेवटच्या ओळीत रक्कम: 8,000 रुपये आणि प्रवासखर्च. शाळांना निम्मे. 'ब्रँड' नाही, 'प्रेरणा' नाही. दादा ती शेवटची ओळ खोडायला निघाला होता, वहिनीने पेन काढून घेतलं.

पहिल्या महिन्यात दोन जणांनी पत्रक वाचून बोलावणं मागे घेतलं. एकाने "तुम्हीसुद्धा?" असा निरोप पाठवला. एका तालुक्याच्या वाचनालयाने मात्र, ज्याच्या छताचं काम अर्धवट पडलंय, फोन करून विचारलं की पैसे दोन हप्त्यांत दिले तर चालतील का. त्यांच्याकडे तो पुढच्या महिन्यात जातोय.

आता नातेवाईक मंडळींना, विशेषतः सोलापूरच्या काकांना आणि डोंबिवलीच्या मावशीला. तुमच्या मंडळासाठी, भिशीसाठी, ज्येष्ठ नागरिक संघासाठी दादा हवा असेल तर पत्रकावरच्या नंबरवर फोन करा, वहिनी उचलतील. "घरचाच तर आहे" म्हणून मला मध्ये घालू नका, मी आकडा एक रुपयाने उतरवणार नाही. आणि कृपा करून शाल आणू नका. उलट कुणाला थंडीसाठी हवी असेल तर सांगा, 43 आहेत, रंगही बरेच आहेत.