घरगुती विज्ञान : यंत्राची निजानीज

एकत्र कुटुंबांत रात्रीची निजानीज कशी होते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. प्रथम मुलें निजतात, मग मोठीं माणसें; आणि घरची वडील बाई कडीकोयंडा पाहून, दिवा मालवून सर्वांच्या मागून अंथरुणास पाठ लावते. पहांटे क्रम उलटा : तीच आधीं उठते, मग पोरांस हांका. आमच्या सोलापुरांत १८७७ सालीं सुरू झालेली जुनी मिलहि अशाच क्रमानें जागी होई. आधीं इंजिन फिरे, त्यावर शाफ्ट, आणि मग माग.

लॅपटॉपचें झाकण मिटलें कीं तो निजला, असें आपण समजतों. परंतु तें एका यंत्राचें निजणें नसून सबंध कुटुंबाची निजानीज आहे, हें या उन्हाळ्यांत आम्हांस किंमत मोजून कळलें. आमच्या मातोश्रींचें वय ८६. त्यांच्या माहेरच्या आठवणी आमची पुतणी रोज सायंकाळीं लॅपटॉपवर उतरवून घेत असे. एके दिवशीं लेखन जतन न करितांच तिनें झाकण मिटलें, यंत्र पिशवींत घातलें आणि पहांटेच्या गाडीनें ती पुण्यास गेली. तेथें उघडून पाहते तों यंत्र तापलेलें, बॅटरी रिकामी, आणि त्या सायंकाळचीं चार पानें नाहींशीं झालेलीं! यंत्राची अंतर्गत नोंदवही पाहतां उलगडा झाला : खोंचून राहिलेल्या एका उपकरणाच्या ड्रायव्हरनें निजण्यास नकार दिला होता, आणि त्यामुळें सारें यंत्र रात्रभर जागें होतें.

हा ड्रायव्हर कोण? पडदा, कळफलक, वायफाय, कॅमेरा अशा प्रत्येक उपकरणाचा कारभार पाहणारा तो एक लहानसा प्रोग्रॅम. त्या सर्वांवर ऑपरेटिंग सिस्टिमची देखरेख असते. जिचा मूळ मजकूर कोणासहि वाचतां येतो, त्या लिनक्सचें उदाहरण घेऊं. तींत उपकरणांची खरोखरीच वंशावळ ठेविलेली असून शब्दहि ‘पालक’ व ‘अपत्य’ या अर्थाचेच आहेत. पेनड्राइव्ह हें अपत्य. तें ज्याच्या आश्रयानें चालतें, तो यूएसबीचा नियंत्रक हा पालक.

निजण्याची आज्ञा होतांच प्रथम चालूं असलेले प्रोग्रॅम गोठविले जातात, म्हणजे कोणी नवें काम काढूं नये. मग तयारीची सूचना पालकांपासून खालीं जाते. कारण यापुढें वंशावळींत नव्या अपत्याची भर पडतां कामा नये. प्रत्यक्ष निजणें मात्र अपत्यांपासून वर चढत जातें. पालक आधीं निजला, तर अपत्यास आपलें अखेरचें काम पुरें करण्यास वाटच उरणार नाहीं. हें निजणेंहि तीन पायऱ्यांनीं होतें. शेवटच्या पायरीपूर्वीं उपकरणांच्या हांका ऐकणें बंद होतें. झाकण, विजेची कळ अशा ज्यांस उठविण्याचा अधिकार दिला आहे, त्यांचीच हांक राखून ठेविलेली असते. उठतांना हा सर्व क्रम उलट.

कांहीं नातीं वंशावळींत दिसत नाहींत. दूधवाला आपल्या घरचा नव्हे, तरी तो आल्यावांचून सकाळचा चहा होत नाहीं. असें एका उपकरणाचें दुसऱ्यावर अवलंबून असणें नोंदण्याची सोय लिनक्सच्या ४.१० या आवृत्तींत २०१७ सालीं झाली.

या व्यवस्थेंत एक नियम कडक आहे. एकाहि ड्रायव्हरनें ‘मला जमत नाहीं’ असें उत्तर दिलें, कीं बेत रहित होतो व निजलेले सारे पुन्हां उठविले जातात. अर्धें घर निजलेलें व अर्धें जागें, यापेक्षां सारें जागें बरें, असा यांतील विचार. पुतणीच्या पिशवींत हेंच घडलें.

शिवाय नीट निजलेलें यंत्रहि थोडी वीज खातच असतें. आपलें अर्धें लिहिलेलें पान ज्या मेमरींत असतें, तिची उजळणी साधारणतः दर ६४ मिलिसेकंदांस करावी लागते; ती थांबली कीं पान पुसलें. म्हणून झाकण मिटण्यापूर्वीं लेखन जतन करावें. जोडलेलीं उपकरणें रीतसर काढावीं. पंखा थांबला कीं नाहीं हें पाहूनच यंत्र पिशवींत घालावें, आणि दूरच्या प्रवासांत तें पूर्ण बंद करावें.

मातोश्रींनीं त्या आठवणी पुढें पुन्हां सांगितल्या. पण पहिल्या वेळीं सहज ओठांवर आलेलें, त्यांच्या लहानपणच्या एका मैत्रिणीचें नांव, त्यांस कांहीं केल्या आठवेना. आणि तें आम्हां कोणाच्याहि लक्षांत राहिलें नव्हतें. निजानिजेचा क्रम यंत्र सांभाळील. परंतु कडी लागली कीं नाहीं, हें सर्वांच्या मागून निजणाऱ्या माणसानेंच पाहावयाचें असतें.