ओढणे आणि ओढ

मराठीत सिगारेट बहुधा ओढली जाते. ‘धूम्रपान’ या संस्कृत वळणाच्या शब्दात पिणे आहे, हिंदीतही पिणेच आहे. बोलत्या मराठीने मात्र ‘ओढणे’ हे क्रियापद जवळ केले. ओढ, मनाचा ओढा, ओढाताण हे शब्दही त्याच घरातले. ओढणे ही कृती आहे आणि कृती थांबवता येते. ओढ ही कृती नव्हे. सिगारेट सोडण्याविषयी जे बोलले-लिहिले जाते त्यातले बहुतेक ओढण्याविषयी असते, ओढीविषयी फार थोडे. प्रस्तुत टिपण या दुसऱ्या गोष्टीविषयी आहे.

आम्ही दोघे एकाच मराठी विभागात शिकवतो. दोघांनीही चाळिशी ओलांडली आहे आणि दोघांनीही वीसेक वर्षे सिगारेट ओढली. सुरुवात कशी झाली हे सांगण्यात नावीन्य नाही. साठोत्तरी पिढीच्या आठवणी आम्ही विद्यार्थिदशेत भक्तिभावाने वाचल्या होत्या. इराणी हॉटेल, कडक चहा, रात्रभराच्या चर्चा आणि धूर हे सारे एकाच चित्रात बसलेले होते. त्या पिढीची बंडखोरी आम्हाला पेलणारी नव्हती, तिचा व्यासंगही नव्हता. धूर तेवढा परवडण्याजोगा होता. तो आम्ही घेतला.

सोडण्याचे कारण मात्र प्रकृतीच्या भीतीपेक्षा निराळे घडले. महाविद्यालयाच्या जवळच्या टपरीवर एम.ए.च्या एका विद्यार्थ्याने आमच्यापुढे काडी पेटवून धरली आणि म्हणाला, “सर, वर्गापेक्षा तुम्ही इथे जास्त चांगलं शिकवता.” हे तो कौतुकाने म्हणाला. त्याच्याही बोटांत सिगारेट होती. शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकू नयेत असा कायदा २००३ पासून आहे. ती टपरी त्या अंतराच्या आत होती की बाहेर, हे आम्ही कधी मोजले नव्हते. अंतर मोजूनही फारसा उपयोग नव्हता, कारण जाहिरात टपरीवर लावलेली नव्हती. ती आमच्या हातात होती.

लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या माणसाला सिगारेट सोडताना एक खास भय वाटते. धुराबरोबर विचारही जाईल की काय, हे ते भय. पहिल्या आठवड्यात ते खरे ठरल्यासारखेच वाटले. आमच्यापैकी एकाने उत्तरपत्रिका तपासताना एकच उत्तर तीन वेळा वाचले आणि तिन्ही वेळा निरनिराळे गुण दिले. दुसऱ्याला व्याख्यानाच्या मधोमध साधा शब्द आठवेना. चिडचिड, निद्रानाश, उगाच लागणारी भूक हे सारे यथाक्रम आले. पुढे वाचनातून कळले ते असे : धुरातले निकोटीन काही सेकंदांत, साधारण दहा ते वीस, मेंदूत पोहोचते, रक्तातले त्याचे प्रमाण सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते. मग अस्वस्थता सुरू होते, लक्ष उडते. पुढची सिगारेट ही अस्वस्थता शमवते आणि आपण म्हणतो, डोके चालू लागले. म्हणजे जिला आम्ही प्रतिभेची ठिणगी समजत होतो ती मुख्यतः आधीच्या सिगारेटने निर्माण केलेल्या उणिवेची भरपाई होती. सावकाराच्या घेतलेल्या पैशांतून सावकारालाच व्याज भरावे आणि त्याला उदार म्हणावे, तसा हा व्यवहार.

येथे भाषेनेच आम्हाला थोडी मदत केली. मराठीत आपण तलफ करत नाही; तलफ येते. झोप येते, आठवण येते, रडू येते, तशी ती येते. वाक्याचा कर्ता आपण नसतो, तलफ असते. हे आम्ही वर्षानुवर्षे व्याकरणाच्या तासाला शिकवले होते. त्यातला धीर मात्र कळला नव्हता. जे येते ते जातेही. आम्ही घड्याळ लावून पाहिले. एकेक तलफ बहुधा तीन ते पाच मिनिटांत ओसरते, मग तिच्या स्वाधीन व्हा अथवा होऊ नका. पहिले दोन-तीन दिवस लाटा लागोपाठ येतात. दोन ते चार आठवड्यांत त्यांतले अंतर वाढत जाते. नंतरही त्या येतात, पण पाहुण्यासारख्या, मुक्कामाला नव्हे.

तेव्हा प्रश्न आयुष्यभराच्या निग्रहाचा नसून पाच मिनिटांचा आहे, असे आमचे मत झाले. ती पाच मिनिटे काढण्याचे उपाय अगदी गद्य आहेत. पेलाभर पाणी सावकाश पिणे. तोंडात लवंग अथवा बडीशेप ठेवणे. जागा सोडून जिना उतरणे. चहानंतरची तलफ सर्वांत हट्टी, म्हणून काही दिवस टपरीवरचा चहा बंद करून विभागातच तो घेणे. एकमेकांना निरोप पाठवून केवळ ‘आली’ एवढे कळवणे, आणि थोड्या वेळाने ‘गेली’. आमच्यापैकी एकाने डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटीनचे गम काही आठवडे चघळले. दुसऱ्याला त्याची गरज वाटली नाही. यात कोणाचा निर्धार श्रेष्ठ, हा प्रश्नच आम्हाला गैरलागू वाटतो.

कारण ज्याला गरज वाटली नव्हती तोच आठव्या महिन्यात घसरला. एका चर्चासत्रानंतरच्या गप्पांत कोणी पाकीट पुढे केले आणि ‘एकच’ म्हणून घेतलेली सिगारेट दोन महिने चालली. त्या काळात इतालो स्वेवो यांच्या १९२३ च्या कादंबरीतला झेनो आम्हाला पुनःपुन्हा आठवे. ‘शेवटची सिगारेट’ असे तारखेनिशी लिहून ठेवणारा हा नायक आयुष्यभर शेवटचीच सिगारेट ओढत राहतो. किंबहुना शेवटची म्हणून तिची लज्जत वाढते. ही कादंबरी विनोदी आहे असे आम्ही समजत होतो. स्वतःच्या डायरीत तशी तिसरी तारीख लिहिल्यावर तिच्यातले दुःख कळले. संकल्पाचाच एक नशा असतो. जो माणूस संकल्पाच्या उत्सवात रमतो त्याला तो मोडण्याचीही सवय लागते.

म्हणून व्यसनमुक्तीच्या व्यासपीठीय भाषेविषयी आमची तक्रार आहे. ‘मनाचा निश्चय हवा’ हे वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे, आणि घसरलेल्या माणसाला ते निष्ठुर वाटते. ‘व्यसन’ या संस्कृत शब्दाचा एक अर्थ संकट, आपत्ती असाही आहे. आपत्तीत सापडलेल्याला आपण चारित्र्याचे धडे देत नाही, हात देतो. पुन्हा ओढली म्हणजे आधीचे आठ महिने वाया गेले असे नव्हे. ते अंगात मुरलेलेच असतात. आमच्या सहकाऱ्याने दुसऱ्यांदा सोडली तेव्हा ‘आली’, ‘गेली’ हे निरोप त्याला नव्याने शिकावे लागले नाहीत.

चाळिशीतल्या वाचकांसाठी एक आकडेवारी येथे नोंदवणे उचित ठरेल. ब्रिटनमधील डॉक्टरांच्या सवयींचा १९५१ पासून पन्नास वर्षे अभ्यास झाला; त्याचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष्यभर ओढत राहिलेल्यांचे आयुष्य, न ओढणाऱ्यांच्या तुलनेत, सरासरी सुमारे दहा वर्षांनी कमी आढळले. तिशीला सोडणाऱ्यांनी ही दहाही वर्षे जवळजवळ राखली, चाळीसाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी सुमारे नऊ, पन्नासाव्या वर्षी सहा, साठाव्या वर्षीही तीन. ‘आता काय उपयोग’ हा युक्तिवाद आम्हीही केला होता. तो युक्तिवाद तलफेचा असतो, बुद्धीचा नसतो.

काडी पेटवून धरणारा तो विद्यार्थी आता दुसऱ्या गावी शिकवतो. मध्यंतरी त्याचा दूरध्वनी आला. नव्या कवितेविषयी बोलून झाल्यावर थोडे थांबून त्याने विचारले, “सर, पहिला आठवडा कसा काढलात?” आमच्याजवळ उद्धृत करण्यासारखे काही नव्हते. लवंग, पाणी, जिना, आणि विभागातला चहा हेच सांगितले. शिवाय म्हटले, आली की आम्हाला ‘आली’ एवढे कळव.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा पहिला निरोप आला. ‘गेली’ यायला अकरा मिनिटे लागली. त्या वेळात आम्ही दोघेही आपापल्या कामांतून उठून फोनकडे पाहत होतो.