बट्टा कोणी सोसावा?

निवृत्तीनंतर युरोपची सहल करून येणे ही गोष्ट आता मुंबई-पुण्यापुरती राहिलेली नाही. भविष्यनिर्वाह निधी व ग्रॅच्युइटी यांतली काही रक्कम बाजूला काढून भूमध्य समुद्रात क्रूझवर जाऊन आलेली शिक्षकांची नि कारकुनांची कुटुंबे राजापूरसारख्या तालुक्याच्या गावातही भेटू लागली आहेत. त्याबद्दल नाक मुरडण्याचे काही कारण आहे असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. ज्यांच्या आईवडिलांनी समुद्रप्रवास म्हणजे मुसाकाजीच्या बंदरात पडावातून आगबोटीवर चढणे एवढाच अर्थ जाणला, त्यांनी चार दिवस दुसऱ्या एका समुद्रावर सुखाने काढले तर ते योग्यच झाले.

प्रश्न आहे तो परतल्यानंतरच्या हिशेबाचा. अशाच एका निवृत्त मुख्याध्यापकांनी मध्यंतरी आपल्या कार्डाचे विवरणपत्र माझ्यापुढे ठेवले. शेजारी त्यांची स्वतःची वही होती. तीत प्रत्येक दिवसाचा खर्च युरोत, त्या दिवशीच्या वर्तमानपत्री दराने केलेले रुपये आणि खाली बेरीज. बँकेची बेरीज त्याहून कित्येक हजारांनी मोठी होती. "सर, आपण अर्थशास्त्र शिकवता. माझे गणित कुठे चुकते तेवढे दाखवा," असे ते म्हणाले. गणित कोठेच चुकले नव्हते. त्यांच्या वहीत बट्ट्याचा रकाना नव्हता, इतकेच.

बट्टा हा शब्द आपण आज केवळ नावलौकिकाला लागलेल्या डागापुरता वापरतो. परंतु त्याचे मूळ घर सराफाची पेढी. कोकणच्या बंदरांत सतराव्या शतकात होन चालत, मोगली रुपये चालत, चांदीची तार दुमडून केलेल्या लाऱ्याही चालत. आणि एक नाणे देऊन दुसरे घ्यायचे तर सराफ कस व वजन पाहून बट्टा कापून घेई. तो जाचक असेल, पण तो उघड होता. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत नाणे तोलले जाई, आणि भाव न पटल्यास शेजारच्या पेढीवर जाण्यास तो मोकळा असे.

या संदर्भात राजापूरकराने विसरू नये असा एक प्रसंग आहे. येथील इंग्रजांच्या वखारीवर 1661 मध्ये शिवाजी महाराजांची धाड पडली. तिच्या नुकसानभरपाईचा प्रश्न राज्याभिषेकाच्या वेळी, 1674 मध्ये, हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला तेव्हा चर्चेत होता. त्याच वाटाघाटींत इंग्रजांची आणखी एक मागणी होती : आपले नाणे महाराजांच्या मुलखात चालावे. महाराजांच्या उत्तराचा आशय असा की, कोणत्याही नाण्यास आपली मनाई नाही. मात्र ज्यात रयतेस तोटा होईल असे नाणे घेण्याची सक्ती आपण तिच्यावर करू शकत नाही. इंग्रजांचे नाणे मोगलांच्या नाण्याइतके कसदार असेल तर त्यास आडकाठी असणार नाही. विनिमयाचा व्यवहार मोकळा असावा, पण त्यातला तोटा अजाण माणसाच्या माथी मारला जाऊ नये, हे तत्त्व यात स्पष्ट आहे. आजच्या व्यवस्थेत त्याचा पहिला अर्धा भाग तेवढा उरला आहे.

जहाजावरचा व्यवहार कसा चालतो ते पाहा. तेथे रोकड बहुतेक चालतच नाही. खोलीची किल्ली म्हणून जे कार्ड मिळते त्यावरच सरबतापासून छायाचित्रांपर्यंत सारे मांडले जाते, आणि शेवटी ती रक्कम आपल्या क्रेडिट कार्डातून वळती होते. सेवकांची बक्षिसी अनेक जहाजांवर माणशी, दररोज, न विचारता खात्यावर चढते. जहाजाचे चलन युरो असेल वा डॉलर. ते किनाऱ्यावर अवलंबून नसते, कंपनीवर असते. मग ज्याने शहाणपणा करून प्रीपेड फॉरेक्स कार्डात युरो भरून नेले, त्याला डॉलरच्या जहाजावर युरोचे डॉलर करण्याचा बट्टा नव्याने पडतो. शिवाय हमी म्हणून जहाज कार्डावरची काही रक्कम अडकवून ठेवते. प्रीपेड वा डेबिट कार्डाच्या बाबतीत ती प्रवास संपल्यावरही काही दिवस मोकळी होत नाही. यास्तव जहाजाच्या खात्यासाठी क्रेडिट कार्ड आणि किनाऱ्यावरच्या खर्चासाठी प्रीपेड कार्ड अशी विभागणी बरी.

किनाऱ्यावर उतरल्यावर दुसरा प्रकार. स्पेन, फ्रान्स, इटली, ग्रीस येथे युरो चालतो. क्रोएशियानेही 2023 च्या जानेवारीपासून तो स्वीकारला. पण जहाज तुर्कस्तानला लागले की लिरा, आणि उत्तरेकडची फेरी असेल तर नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क यांचे आपापले क्रोन. या अनोळखी आकड्यांच्या गर्दीत दुकानातले यंत्र मोठ्या आदबीने विचारते : पैसे युरोत देणार की भारतीय रुपयांत? परमुलखात रुपयाचे नाव दिसताच आपला माणूस सुखावतो आणि रुपयावर बोट ठेवतो. आमचे मुख्याध्यापक नेमके येथेच फसले होते, तेही एकदा नव्हे.

हिशेबाच्या सोयीसाठी युरोचा भाव शंभर रुपये धरू. जेवणाचे बिल 80 युरो, म्हणजे 8,000 रुपये. युरोत पैसे दिले तर आपली बँक परकीय चलनाचा अधिभार लावते. तो आपल्याकडील बऱ्याच कार्डांवर दोन ते साडेतीन टक्के असतो आणि त्या अधिभारावर 18 टक्के जीएसटी. साडेतीन टक्के धरले तरी एकूण सुमारे 8,330 रुपये होतात. रुपयांत देण्याचे मान्य केले तर भाव ठरविण्याचा अधिकार आपण दुकानदाराच्या यंत्रामागील कंपनीस देतो. तिने 107 चा भाव लावला की 8,560 झाले. आणि परदेशी दुकानातला व्यवहार म्हणून काही बँका त्यावर पुन्हा आपला आकार लावतात तो निराळाच. एटीएमवरही हाच प्रश्न विचारला जातो, आणि त्याचेही उत्तर तेच : स्थानिक चलन.

रोख रकमेविषयी फार लिहिण्याची गरज नाही. परकीय नोटा एका प्रवासात 3,000 डॉलरच्या मोलापर्यंत नेता येतात. क्रूझवर त्याच्या दशांशाचीही गरज पडू नये. त्या निघण्यापूर्वी दोन-तीन ठिकाणी भाव विचारून घ्याव्या. विमानतळावरची खिडकी ही अखेरची निकड समजावी.

हे सारे प्रवाशाने शिकून घ्यावे हे खरे. पण सगळा भार त्याच्यावरच टाकून मोकळे होणे न्यायाचे नाही. 1973 च्या विदेश विनिमय कायद्याच्या काळात डॉलर बाळगणे हाच गुन्हा ठरू शकत होता, आणि 1991 मध्ये तर देशाला सोने परदेशी गहाण टाकावे लागले. त्या स्थितीतून आपण आज वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर नेण्याच्या मुभेपर्यंत आलो, ही सामान्य प्रगती नव्हे. मात्र निर्बंधांच्या काळात चलनाची एकेक नोट मोजून घेणाऱ्या मध्यमवर्गाला मुभेच्या काळात भाव विचारण्याची सवय कोणी लावली नाही. अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमात विनिमयदराचे सिद्धांत आहेत. कार्डाचे विवरणपत्र कसे वाचावे हे नाही. यात आम्हा अध्यापकांचाही दोष आहे.

बँकांनी विवरणपत्रात परकीय व्यवहारापुढे चार रकाने छापावे, ते मराठीतूनही मिळावे : मूळ चलनातील रक्कम, त्या दिवसाचा संदर्भदर, लावलेला दर आणि दोहोंतील फरक रुपयांत. संदर्भदर रोज प्रसिद्ध होतोच. तेव्हा माहिती नाही अशी सबब चालणार नाही. सहल कंपन्यांनीही बक्षिसी नि जहाजाचे चलन या दोन गोष्टी आगाऊ रकमेची पावती देतानाच लेखी कळवाव्या. याचा लाभ केवळ हौशी प्रवाशांना होईल असे नव्हे. याच जहाजांच्या पोटात, स्वयंपाकघरात आणि यंत्रघरात, रत्नागिरी जिल्ह्यातली मुले राबत असतात. त्यांचा डॉलरातला पगार घरी रुपये होऊन पोचतो तेव्हा बट्टा उलट्या दिशेने कापला जातो, आणि तोही त्यांच्या आईवडिलांच्या पासबुकात कोठे दिसत नाही.

मुख्याध्यापकांनी आपल्या बँकेकडे एवढीच विचारणा करणारे पत्र पाठविले आहे : प्रत्येक नोंदीपुढे लावलेला दर कळवावा. मसुदा त्यांचाच, प्रस्तुत लेखकाने त्यात फक्त "बट्टा" हा शब्द घातला. शाखेतील तरुण अधिकाऱ्याने त्या शब्दाचा अर्थ विचारला, असे ते सांगत होते.