सवलतींचा लिलाव

कारखाना आपल्याच दारी यावा म्हणून राज्याराज्यांत चाललेला करसवलतींचा लिलाव जनतेला परवडणारा नाही. २०२२ साली वेदान्त-फॉक्सकॉनचा प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातेत गेला, तेव्हा महाराष्ट्रात केवढा आकांत झाला! पण वर्ष उलटण्यापूर्वीच, जुलै २०२३ मध्ये, फॉक्सकॉनने त्या भागीदारीतून अंग काढून घेतले.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याचा अनुभव याहून बोलका आहे. २०१७ साली १३,००० नोकऱ्यांच्या आश्वासनावर तेथे याच कंपनीला सुमारे ३ अब्ज डॉलरांच्या सवलती देऊ करण्यात आल्या. २०२१ च्या नव्या करारात नोकऱ्या उरल्या १,४५४! सवलती नोकऱ्यांच्या अटीशी बांधलेल्या होत्या, म्हणून राज्याची तिजोरी बव्हंशी बचावली. परंतु माउंट प्लेझंट गावाने जमिनी व रस्ते यांसाठी कर्ज काढून आधीच पैसा ओतला होता.

आम्ही उद्योगांचे वैरी नाही. प्रसंगी सवलत जरूर द्यावी. परंतु आधी नोकऱ्या, मग सवलत, आणि प्रत्येक करार जनतेसमोर उघडा, हा दंडक असलाच पाहिजे. माफ केलेला कर अखेर शाळा व रुग्णालये यांच्याच वाट्यातून जातो. तो उधळण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला नाही!